खुर्चीची खूण

धोंडिराम शिपायाला कुणी विचारलंच, तर तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "ही शाळा दोन मानसांवर चालतिया. एक पद्मावतीबाई, आन् दुसरा मी. त्यात बाई तशा नवीनच!"

आता शाळा बाईंनीच सुरू केली आणि धोंडिराम चार महिन्यांनी रुजू झाला, ही गोष्ट वेगळी.

शाळा सांगलीच्या अलीकडे एका तालुक्याच्या गावी, हळदीच्या वखारीला लागून. नगरपालिकेच्या दोन खोल्या आणि ऐकू न येणारी चौदा पोरं. बाई तोंडापुढं कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायच्या, पट्टी फडफडायची, मग पोरं फुंकरून फुंकरून ती फडफडवायची. महिनाभराच्या खटपटीनंतर एखाद्याच्या तोंडून 'पाणी' उमटलं, की पाणी बाईंच्या डोळ्यांत यायचं.

पोरांना नावं ऐकू येत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवलं होतं. नाकावरचा चष्मा वर सारल्यासारखं केलं की बाई. आणि नाकाखाली दोन्ही हातांचं एकेक बोट धरून वळवळवलं की धोंडिराम! धोंडिरामला त्याचा कोण अभिमान! "मिशी हाय तर खूण हाय," तो मिशीला तूप लावत म्हणायचा. बाई नुसत्या हसायच्या.

पण त्या आठवड्यात बाईंचं हसू पळालं होतं. जकातीचा जप्त माल ठेवायला नगरपालिकेला त्या दोन खोल्या हव्या होत्या. पुण्याचे साहेब येऊन शाळा बघणार, ते म्हणाले तर शाळा राहणार, नाहीतर चौदा पोरं आपापल्या घरच्या ओसरीवर जाऊन बसणार.

"आवं बाई, काळजी सोडा!" धोंडिराम म्हणाला. "सायबाचं मी बघतो."

आणि त्यानं पहिलं काम काय केलं? शाळेतली एकुलती एक मोठी खुर्ची चकाचक करायला सुताराकडं नेली. सुतारानं ती अशी चकाचक केली, की साहेबांची गाडी दारात उभी राहिली तरी पॉलिश वाळलं नव्हतं.

नाथाजीराव साहेब उंचीनं बेताचे, पण रुंदीला त्यांनी कसर ठेवली नव्हती. घाम पुसत ते आत आले आणि समोर दिसली त्या खुर्चीत बसले. ती होती पोरांची, दोन हातांची, गुडघ्याएवढी.

बसताना काही झालं नाही. जे झालं ते उठताना! साहेब उठले आणि खुर्चीही उठली! साहेब वळले, खुर्ची वळली! धोंडिरामनं मागून खुर्चीचे पाय धरले, बाईंनी डोळे मिटले. शेवटी कुकरचं झाकण उघडावं तसा आवाज होऊन खुर्ची सुटली, आणि धोंडिराम तिच्यासकट भिंतीला जाऊन टेकला.

चौदा पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. चौदा जोड्या हात कमरेमागं गेले, काहीतरी घट्ट धरलं आणि वर उचललं. झालं! साहेबांचं बारसं उरकलं.

"हे काय करतायत?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पोरांना थांबवायला हात वर केला. धोंडिराम मात्र धूळ झटकत पुढं. "सायब, नमस्कार करत्यात! थोर मानूस आला की अस्साच करत्यात."

"असं?" साहेब खूष झाले. त्यांनीही हात कमरेमागं नेऊन पोरांना तोच नमस्कार केला. पोरं हसून हसून गडबडा लोळायला लागली.

"किती आनंदी मुलं!" साहेब म्हणाले.

एवढ्यात नगरपालिकेचे अध्यक्ष हार घेऊन आले. "हार राहू द्या," साहेब म्हणाले, "इथली पद्धत अशी!" आणि अध्यक्षांनी, त्यांच्या हेडक्लार्कनं, हार धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरनं, सगळ्यांनी कमरेमागं हात नेऊन अदृश्य खुर्च्या उचलल्या. बाईंना रडावं की हसावं कळेना.

मग साहेबांना परीक्षेची लहर आली. त्यांनी आठ वर्षांच्या येसूच्या हातात पाटी दिली, तीच कमरेमागची खूण करून दाखवली आणि बोटानं सांगितलं, लिही.

येसू वर्गातली सगळ्यांत हुशार. तिनं ठळक अक्षरांत लिहिलं: 'साहेब खुर्ची'.

"खुर्ची?" साहेबांच्या भुवया चढल्या.

"म्हंजी मोठ्या खुर्चीचा मानूस!" धोंडिराम ओरडला. "पोरांस्नी मानूस वळखाया लय येतंय, सायब!"

साहेब फुलले. "अधिकार कळतो हो यांना!" म्हणत त्यांनी खिशातलं पेन काढलं. शाळा वाचली! आता धोंडिरामनं गप्प बसावं की नाही? पण गप्प बसेल तो धोंडिराम कसला!

"सायब, माजी बी खूण हाय," त्यानं नाकाखाली बोटं वळवळवली. "इचारा की तिला!"

साहेबांनी येसूला पुन्हा पाटी दिली. तिनं लिहिलं: 'झुरळ'.

पेन हवेतच थांबलं.

"बाई, खरं काय ते सांगा," साहेब म्हणाले.

बाईंनी धोंडिरामकडं बोट केलं. "हे पहिल्या दिवशी आले, तेव्हा कपाटातून झुरळ निघालं. हे टेबलावर चढले ते मधल्या सुट्टीपर्यंत उतरले नाहीत. साहेब, मुलांनी पाहिलं तेच लिहिलंय."

"म्हणजे माझी खुर्ची..." साहेबांनी त्या छोट्या खुर्चीकडं पाहिलं. मग येसूकडं. ती पाटी छातीशी धरून शाबासकीची वाट बघत होती.

आधी साहेबांचं पोट हललं. मग खांदे. मग ते असे खदखदून हसले, की वखारीतले हमाल दारात येऊन उभे राहिले. डोळे पुसत त्यांनी येसूपुढं वाकून स्वतःची खूण केली, या वेळी अर्थ समजून. आणि शेरा लिहिला: 'मुलांचे निरीक्षण व लेखन अचूक. शाळा याच जागेत चालू ठेवावी.' बाई फळ्याकडं तोंड करून रडल्या.

धोंडिराम मात्र रात्रभर तळमळला. सकाळी तो तडक न्हाव्याकडं गेला आणि मिशी सफाचट करून शाळेत आला. आता नवं नाव ठेवावंच लागेल की!

पोरांनी त्याला वरून खालून न्याहाळलं. येसूनं जवळ येऊन त्याच्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं, मान डोलावली, आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, कोण आलंय ते.

नाकाखाली दोन बोटं. तीच वळवळ.

मिशीचा त्या खुणेशी कधी संबंधच नव्हता!