जिभाऊंचं नवापूर

आमचे शेजारी जिभाऊ गुजरातेत दारूच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत. प्यायची झाली की ते सुरतेच्या उधन्याहून गाडी धरून नवापूरला जात.

प्लेगनंतर सुरत धुऊनपुसून निघाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. दारूबंदी असली तरी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दारूच्या पोटल्या मिळत, आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण जिभाऊंना कुणी तिकडे खुणावलं की ते म्हणत, "कायदा म्हणजे कायदा." नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. गाडीतून उतरायचं, हद्द ओलांडायची आणि मग घसा ओला करायचा. महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तो त्यांच्या खिशात असे, प्लास्टिकच्या पिशवीत.

पुन्हा, प्यायलेल्या अवस्थेत गुजरातेत शिरणं हाही गुन्हा. म्हणून पुरती उतरेपर्यंत ते फलाटाच्या महाराष्ट्राकडच्या भागात झोपून राहत. शनिवारी गेलेला माणूस सोमवारी सकाळी थेट लूमच्या कारखान्यात उगवे. तिथे ते मास्तर होते. हात इतका चांगला की शेट गप्प बसे.

मी रंगाईच्या कारखान्यात हिशेब लिहितो. जिभाऊंचा शनिवार सरकत सरकत गुरुवारवर आला, हे माझ्या लक्षात आलं. शेटही आता गप्प बसेना. वहिनी एक दिवस दारातूनच जिभाऊंना म्हणाल्या, "तठेच ऱ्हा मंग. आठे येतस कसाले?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मंगलचं लग्न काढायचंय. नवरीचा बाप फलाटावर झोपतो, असं सांगू का पाहुण्यांना?"

जिभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "सुटायचा काही रीतसर मार्ग असेल तर बघा."

दारू सोडणाऱ्यांची मंडळी कुठे जमतात, हे सुरतेत विचारणं अवघड. एक पानवाला म्हणाला, "अहीं तो दारूबंधी छे, भाई. पीनारा ज नथी, तो छोडनारा क्यांथी?" शेवटी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या खोलीत ही माणसं बसतात.

जिभाऊ दारातच अडले. फरसाणाचं दुकान चालवणारे नानुकाका तिथले जुने. त्यांना जिभाऊंनी विचारलं, "आत बोललेलं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे का?"

"अरे, नाव पण नाही सांगितलं तरी चालते," नानुकाका त्यांच्या सुरती मराठीत म्हणाले.

"मग चोरून केल्यासारखं होतं," म्हणत जिभाऊ आत गेले आणि नाव, गाव, कारखाना, सगळं सांगून बसले. प्रत्येक जण उठून आपण दारुडे असल्याचं कबूल करत होता. जिभाऊंची पाळी आली. ते उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "मी दारुडा आहे. महाराष्ट्रात."

खोली हसून हसून लोळली. नानुकाकांनी डोळे पुसत विचारलं, "तो अहीं शुं छो?"

जिभाऊंनी बराच विचार केला. "इथं मी शनिवारची वाट बघतो," ते म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. नानुकाकांनी त्यांना शेजारी बसवलं आणि चहा पुढे केला.

तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. परवाना त्यांनी फाडला नाही, सरकारी कागद फाडायचा नसतो म्हणून. तो नानुकाकांकडे ठेवायला दिला. हद्दीपलीकडे मात्र पाऊल टाकीनात. दोन पुतण्यांची लग्नं त्यांच्यावाचून झाली. आणि मंगलचं जमलं ते नेमकं अमळनेरला. जिभाऊंनी मंडळींपुढे नकाशा पसरला. नवापूर टाळून सापुताऱ्याकडून गेलं तर?

"पण लग्न तो महाराष्ट्रमांज छे ने?" नानुकाका म्हणाले. जिभाऊंनी नकाशाची घडी घातली.

लग्नाला जिभाऊ आणि वहिनींबरोबर मीही निघालो. मंगल मामासोबत आधीच गेली होती. नानुकाका उधन्याला गाठ्यांची पिशवी घेऊन पोचवायला आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. व्यारा गेलं, सोनगड गेलं. जिभाऊंचं बोलणं कमी होत गेलं. नवापूरला गाडी थांबली, ती थांबूनच राहिली. बाकडं, नळ, पलीकडच्या दुकानांच्या पाट्या, सगळं खिडकीतून दिसत होतं. जिभाऊ उठले. वहिनी मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिल्या.

जिभाऊ परत बसले, या वेळी वहिनींच्या बाजूला. रस्त्यात बायकोच्या चार पावलं पुढे चालणारा हा माणूस.

"मना हात धर," ते म्हणाले.

"लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे."

वहिनींनी हात धरला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. गाडी हलली, नवापूर मागे पडलं, खांडबारा आलं. जिभाऊंचा डोळा लागला होता. वहिनींनी दशम्यांचा डबा उघडायला घेतला. झाकण घट्ट होतं, एका हाताने निघेना. त्यांनी थोडा वेळ खटपट केली आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"भाऊ, तेवढं उघडून द्या," त्या हळूच म्हणाल्या.