डोमाजींच्या पोटावरचा हिंग

रोहण्याच्या डोमाजींचं पोट दुखायला लागलं की सुलोचनाबाई फळीवरून हिंगाची डबी काढत. थोडा हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचा आणि चमचाभर ताकातून प्यायला द्यायचा, हा त्या घरातला जुना उपाय. पण त्या उन्हाळ्यात दुखणं थांबेना. अंगावरचं मांस उतरलं, बंडी खांद्यावरून घसरायला लागली. शेवटी हेमराजनं वडिलांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आतड्यात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, ते यांच्या आतड्याला सोसत नाही. गहू कायमचा बंद. थोडाही पोटात जात राहिला तर आतडं झिजत जाईल.

हेमराजची बायको दिपाली रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. डॉक्टरांचं बोलणं घरात तिला एकटीलाच कळलं, म्हणून सगळी जबाबदारी तिच्यावर आली.

डोमाजींना मात्र ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या लहानपणी घरात पोळी व्हायची ती सणालाच. पुढं संत्र्याच्या बागेनं हात दिला आणि दोन्ही वेळा ताटात पोळी आली, तेव्हा आपण चार माणसांत बसायच्या लायकीचे झालो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"सूनबाई, मी पोळ्यापर्यंत पाह्यतो," ते म्हणाले. "तवरीक फरक नाई पडला, त पोळी सुरू. सणाच्या दिवशी बइल पुरणाची पोळी खाते अन् मालक भाकर, असं कुठी असते काय?"

डोमाजी दिला शब्द मोडत नसत. दिपालीला त्याचीच धास्ती होती.

घरात पोळी बंद झाली. सगळ्यांनाच ज्वारीची भाकर सुरू झाली. तरी पोट दुखायचं थांबलं नाही. म्हणजे गहू कुठून तरी येत होता, आणि दिपालीनं तो शोधायला घेतला.

पहिला संशय चक्कीवर गेला. गावची चक्की एकच. गव्हाच्या मागोमाग ज्वारी टाकली, की दगडात राहिलेला गहू ज्वारीत उतरणारच. तिनं सुलोचनाबाईंना माळ्यावरचं जातं काढायला लावलं.

"मी सासूचं दळण दळलं, आता सुनेचं दळतो," सुलोचनाबाई जात्यावर बसताना म्हणाल्या. "मधात माह्या नशिबात चक्की आलती, थे सपन होतं म्हणायचं."

मग सूप गेलं. जुन्या सुपाच्या फटी बुजवायला सुलोचनाबाईंनी त्यावर कागदाचा लगदा लिंपला होता, आणि लगद्यात घट्टपणासाठी कणकेची खळ होती. पाठोपाठ तशाच दोन टोपल्या गेल्या. त्यानंतर किराण्याच्या कागदी पुड्या. पुड्यांचे कागद मैद्याच्या खळीनं चिकटवतात, हे दिपालीला चांगलं माहीत होतं, कारण तिच्या वडिलांचं, बाबारावांचं, पिपरी मेघेला किराणा दुकान होतं आणि शाळेत असताना तिनं स्वतः पुड्या चिकटवल्या होत्या. तिनं वडिलांना निरोप धाडला. बाबारावांनी काही न विचारता सगळा किराणा पत्र्याच्या डब्यांतून पाठवला आणि सोबत हिंगाची मोठी डबी दिली, व्याह्यांच्या पोटासाठी.

तरी पोट दुखतच होतं. जास्तच दुखत होतं. दिवसातून एकदा द्यायचा हिंग आता तीनदा झाला. दिपालीची त्याला हरकत नव्हती. हिंग ही एका झाडाची राळ आहे, तिच्यात ग्लुटेन असणं शक्य नाही, असं तिनंच घरात सांगितलं होतं.

एक दिवस तिनं टिंक्चर आयोडीनची बाटली आणली आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पिठावर थेंब टाकला. प्रत्येक पीठ निळं झालं.

"निळं झालं म्हंजे काय वं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"म्हणजे त्यात पिष्ट आहे, आत्याबाई. पण ते गव्हाचं का ज्वारीचं, हे नाही समजत."

"पिठात पीठ असते, थे मले बाटलीबिगर मालूम होतं."

मग राहता राहिले स्वतः डोमाजी. जेवण झालं की ते बंडीच्या खिशावर हात ठेवून गोठ्याकडे जात, हे दिपालीच्या लक्षात आलं होतं. गोठ्यात पोळी लपवली असणार, असं समजून ती एकदा मागोमाग गेली. डोमाजी हरण्या बैलाला भाकर चारत होते.

"मामाजी, तुम्ही भाकर खात नाही?"

"एक खातो. दुसरी गयाखाली उतरत नाई," डोमाजी ओशाळून म्हणाले. "याले मोठी आवडते. माह्यापेक्षा याची तब्येत सुधरून राह्यली."

संशय घेतल्याची दिपालीला लाज वाटली. पण शोधायला आता घरात काहीच उरलं नव्हतं, आणि पोळा उद्यावर आला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात. त्यासाठी डोमाजी गोठ्यात गेले. सणाला आलेले बाबाराव सोबत होते. पोट दुखत असल्यामुळे डोमाजींच्या बेंबीभोवती हिंगाचा जाड लेप होता आणि खिशात नेहमीप्रमाणे भाकर. हरण्याला तिचा वास लागला. त्यानं खिशाकडे तोंड वळवलं आणि शिंगाचं टोक डोमाजींच्या पोटावरून ओरखडत गेलं.

जखम मोठी नव्हती. डोमाजींना ओसरीवर निजवलं. दिपालीनं घाईघाईनं आयोडीनची बाटली आणली आणि कापसाचा बोळा ओरखड्यावरून फिरवला. ओरखडा तांबूस झाला. मात्र आयोडीन लेपावर ओघळलं आणि पाहता पाहता डोमाजींचं पोट बेंबीपासून शाईसारखं काळंनिळं झालं.

"इख चढलं," सुलोचनाबाई मटकन खाली बसल्या. "बइलाच्या शिंगाचं इख. हेमराज, गाडी काढ."

डोमाजींनी मान उचलून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "हेमराज," ते शांतपणे म्हणाले, "संत्र्याच्या बागेले पाणी देत जाजो. अन् हरण्याले इकू नको."

दिपाली जागची हलली नव्हती. तिनं बोटावर थोडा लेप घेतला, हुंगला, मग आत जाऊन डबीतला कोरडा हिंग वाटीत घेऊन आली. त्यावर थेंब टाकला. तोही निळा झाला.

"बाबा," तिनं वडिलांना विचारलं, "हिंगात पीठ कसं?"

बाबारावांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "नुसता हिंग कोणी खाते काय? जीभ जळन. डिंक अन् मैदा टाकूनच थो बांधा लागते."

"मैदा?"

"अर्ध्याच्या वर मैदाच असते. सारेच व्यापारी जाणतात."

"मंग सांगतलं काऊन नाई, इवाई?" डोमाजींनी निजल्या निजल्या विचारलं.

"मले कोणी हिंगाचं इचारलं? पुड्यायचं इचारलं, मी पुड्या बंद केल्या."

दिपालीनं पदरानं सासऱ्याचं पोट पुसलं. "मामाजी, चूक माझी आहे. हिंग चालतो, हे मीच सांगितलं होतं."

"डबी मी आणली," बाबाराव पुटपुटले.

"अन् पाजला मी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "दिवसातून तीनदा."

डोमाजींनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कूस बदलली. शब्द दिलेला दिवस उद्याच होता. पोटाला काडीचा फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून बैल घरी आले. सुलोचनाबाईंनी हरण्याचे पाय धुतले, ओवाळलं आणि पुरणपोळी डोमाजींच्या उजव्या हातात दिली. डाव्या हातात त्यांची स्वतःची भाकर होती, कारण बैलाच्या सोबतीनं पहिला घास घ्यायची त्यांची रीत होती. हरण्यानं पोळी हुंगली, मान फिरवली आणि डाव्या हातातली भाकर जिभेनं ओढून घेतली.

डोमाजींच्या हातात तुपानं माखलेली पोळी राहिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि बराच वेळ तशीच धरली. दिपालीनं डोळे मिटून घेतले.

"सूनबाई," डोमाजी म्हणाले, "कालवरीक गहू बंद झालाच नोहोता न?"

"नाही, मामाजी."

"मंग मी पाह्यलं कुठी? आतापासून पाह्यतो. पुढच्या पोळ्यापर्यंत." त्यांनी बैलानं नाकारलेली ती पोळी दोन्ही हातांनी बाबारावांपुढं धरली. "घ्या, इवाई. मानाची आहे."

बाबारावांनी ती उभ्यानंच खाल्ली. एवढ्या माणसांपुढं नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. पुढं पंगतीत सुलोचनाबाईंनी त्यांना आणखी तीन वाढल्या. खाणारं दुसरं कोणी नाही, असं म्हणून. दुपारी बाबाराव ओसरीवर पोटावरून हात फिरवत बसले होते.

"जड झालं काय?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"थोडंसं."

त्या आत गेल्या आणि हिंगाची डबी आणून त्यांच्यापुढं ठेवली.