पायावर धरलेली छत्री

सदूभाऊ छत्री कधी डोक्यावर धरत नसत. घराच्या पायावर धरत. धो धो पाऊस पडतोय, हा माणूस मागच्या भिंतीशी उभा, चष्म्यातून काही दिसत नाही, सदरा अंगाला चिकटलेला. आणि उघडी छत्री मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर, भिंतीच्या बुडाशी, बाहेर कललेली. मुलुंडच्या आमच्या आळीला त्याचं काही वाटत नसे. मी नवी होते, म्हणून मला वाटे.

साठ-सत्तरच्या मधला काळ. बैठी कौलारू घरं, मागे भातखाचरं, त्यामागे डोंगर. ढग असे अलगद खाली उतरत की भरदुपारी सगळी आळी झोपेत चालल्यासारखी दिसे. मी आले होते गिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावरून. छपराचं पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न तिथे खालच्या बिऱ्हाडांचा असतो.

भाऊंना मात्र दुसरा प्रश्नच नव्हता. कौलांच्या कडेची पत्र्याची पन्हळ दिसली की ते थांबत. काठीने पानं काढत, कुणाचीही. "शेवग्याचा पाला अडकलाय. पाणी उलटून भिंतीच्या मुळाशी जातंय. भिजलेला माणूस वाळतो, भिजलेला पाया वाळत नाही!" एका बारशात त्यांनी पाळण्याखाली गोटी सोडून जमीन कललीय का ते पाहिलं होतं. बाळाचं नाव काय ठेवलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

आणि मी? मी स्वतःला भलतीच हळवी समजायची. खिडकीत बसून पागोळ्या बघणं हा माझा मुख्य उद्योग. पण पन्हळ असली की पागोळ्या कुठल्या पडायला? सगळं पाणी मुकाट्याने कोपऱ्यातल्या नळकांड्यात. मग मी लाडात येऊन ह्यांना खिडकीवरची पन्हळ काढायला लावली. नवा नवरा सांगाल ते काढतो.

मग काय, पाण्याच्या लडी खिडकीसमोर झुलू लागल्या. मी हनुवटीला हात लावून बसे, आत भात करपे. श्रावणापर्यंत मोरीचं दार मिटेनासं झालं. खिडकीखाली भिंतीला चीर गेली आणि तिच्यात एक पाल सहकुटुंब राहायला आली. मला तीसुद्धा काव्यमय वाटली, इतकी मी बावळट.

भाऊ आले. चुलीशी गोटी ठेवली. ती निवांत गडगडत थेट खिडकीखाली गेली.

"वाट लागली, सूनबाई. पाया बसतोय."

"पण भाऊ, पागोळ्या किती छान दिसतात!"

"छान? घर बसलं की आणखी छान दिसेल. झोपल्या झोपल्या आभाळ."

मला झोंबलं. "आणि तुमच्या मागच्या खिडकीवर कुठाय पन्हळ? सगळ्या आळीला शहाणपण शिकवता ते!"

भाऊ गोटीही न उचलता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला तशी मी गोटी घेऊन निघाले. परत द्यायला म्हणून. खरं तर त्यांची बिनपन्हळीची खिडकी डोळे भरून बघायला. घराला वळसा घालून मागे गेले आणि कोपऱ्यावरच थांबले.

भाऊ छत्री खाली धरून उभे होते. छत्रीच्या वर जी खिडकी, तिला लागून आत खाट होती. तिच्यावर वहिनी, भाऊंच्या पत्नी. कमरेखालचं अंग गेलं तेव्हापासून त्या घराबाहेर आल्या नव्हत्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गजांतून त्यांचा हात बाहेर आला होता, आणि पागोळ्या त्यांच्या बोटांवरून उतरून खाली छत्रीवर पडत होत्या.

"आज ही मधली जाड झालीय हो."

"डोंगरावर जोर आहे ना आज."

"काल कशी दोऱ्यासारखी होती." मग जरा वेळाने, "या ना आत. किती भिजताय."

"भिजलेला माणूस वाळतो," भाऊ म्हणाले. पुढचं वाक्य म्हणालेच नाहीत.

मी गोटी मुठीत धरून परत आले. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, पन्हळ लावा. नवा नवरा लावतोही.

पुढे वहिनी गेल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात भाऊंच्या मागच्या खिडकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नवीकोरी पन्हळ लागली. एक थेंब खाली पडत नव्हता.

"बरं केलंत भाऊ. पायाची काळजी मिटली."

"मिटली," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले. पाऊस पडतच होता. त्यांनी छत्री उघडली आणि चक्क डोक्यावर धरली. मी दारातून बघत राहिले. धरली होती खरी, पण जुन्या सवयीने बाहेरच्या बाजूला कललेली. भाऊंचा एक अख्खा खांदा भिजत होता आणि शेजारची रिकामी जागा कोरडी चालली होती.