फ्रान्सिसकाका आणि रडवणारा कोट

फ्रान्सिसकाका वारले तेव्हा पाचूबंदरच्या कोळीवाड्यात कुणाच्याच डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माणूसच तसा होता. बोट लावायच्या जागेवरून, मासळीच्या लिलावातल्या टोपलीवरून, अगदी चर्चमधल्या बाकावरूनसुद्धा तो भांडला होता.

"सातव्या दिवसाच्या रोझरीला तरी कोनी रडेल का गो?" त्यांच्या बायकोने, उर्सुलाकाकीने, आपल्या जावेला, लिडियाला, विचारलं. लिडियाने चहा गाळण्यात लक्ष घातलं.

लिडियाची मुलगी एलिसा रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. ब्रोमीन जोडलेलं नायट्रो-अल्कीन नावाचं एक रसायन घ्यायचं आणि त्यापासून नायट्रोजनने गच्च भरलेली वलयं बांधायची, हा तिचा चार वर्षांचा उद्योग. "आमची पोरगी नायट्रोजनच्या बांगड्या करते," असं लिडिया सगळ्यांना सांगे. एकीने तर डझनभर मागितल्याही होत्या. त्या नायट्रो-अल्कीनचा स्वभाव मात्र थेट फ्रान्सिसकाकांवर गेला होता. जवळ आलं की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी काढायचं.

रोझरीच्या दिवशी त्या रसायनाचे दोन थेंब एलिसाच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर सांडले. कोट प्रयोगशाळेबाहेर न्यायची सक्त मनाई. पण उशीर झालेला, म्हणून तिने तो पिशवीत कोंबून गाठ मारली आणि थेट काकीचं घर गाठलं. ती हातपाय धुवायला गेली तेवढ्यात, पोरीचा कोट घामेजला असेल म्हणून लिडियाने तो काढून मोठ्या पंख्यामागच्या खिळ्याला टांगला.

प्रार्थना सुरू झाली आणि पहिल्याच रांगेत रेमंड डोळे चोळू लागला. काकांशी अकरा वर्षं न बोललेला रेमंड! उर्सुलाकाकीने आ वासला. मग मागच्या रांगेतली ग्रेसी हुंदकली. मग फादरांनी चष्मा काढला. रडणाऱ्याला आपण का रडतोय ते कळेना आणि बघणाऱ्याचा विश्वास बसेना.

एलिसाने खिळ्याकडे पाहिलं. तिथे तिचाच कोट फडफडत होता. कोट काढायला उठावं तर भर रोझरीत काकीची शोभा होणार, आणि बातमी गाइडपर्यंत गेली तर पीएचडी संपली. तिने डोळे गच्च मिटले आणि मणी ओढत राहिली.

"फादर, त्याचं मासलीचं जालं मीच कापलेलं!" रेमंड एकदम ओरडला. "तो मला चोर बोलायचा, मी त्याला खोटा बोललो. पन खोटा मीच होतो!"

ग्रेसीने पदर डोळ्यांना लावला. "आमची बोट बंद पडलेली तवा त्यानंच ओढून आनली. वाटभर शिव्या दिल्या, पन आनली." मागून आणखी कुणीतरी नाक ओढलं. रोझरी बाजूला राहिली आणि अर्धा तास सगळं पाचूबंदर फ्रान्सिसकाकांसाठी रडलं.

माणसं पांगल्यावर एलिसा अपराध्यासारखी स्वयंपाकघरात शिरली.

"काकी, माफ कर. हे सगळं खोटं होतं. माझ्या कोटाला औषध लागलेलं, त्यानं डोळे झोंबतात. तो पंख्यामागे—"

"ती पिशवी घे तुझी," उर्सुलाकाकीने मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. "गाठ मारून ठेवलीय. माझे पन डोले झोंबले, तवा पयल्या दहा नमो मरिया म्हनून व्हायच्या आतच काढला मी तो. हात साबनानं तीनदा धुतले, खिडक्या उघडल्या."

"पण... हवेत राहतं ना ते थोडा वेळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं..."

"बरं, दहा. रडले तर अर्धा तास. मग बाकीचा वेल?"

एका वलयात चार नायट्रोजन बसवणारी एलिसा बोटांवर मिनिटं मोजू लागली. काकीने गॅस बारीक केला, वळून तिच्याकडे नीट पाहिलं आणि पदर पुढे केला.

"पूस. तू तर अजून रडतेस."