टीव्हीचा पन्हा

आमचे शेजारी नानाजी सदानकदा गळ्यात मापाची टेप घालून हिंडतात. आंघोळीच्या वेळी काढत असावेत, पण मी पैज लावणार नाही. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पंडरी भागातल्या कापडबाजारात त्यांचं दुकान होतं. दुकान विकलं, टेप राहिली. जगातली कुठलीही गोष्ट ते पन्ह्यावरून, म्हणजे कापडाच्या रुंदीवरून पारखतात.

"लांबी काय, ताग्यातून पाहिजे तेवढी निघते. पन्हा पाहा!"

माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाबद्दलही ते गंभीरपणे म्हणाले होते, "पोट्टा चांगला आहे, पण पन्हा कमी आहे." पोट्टा खरंच किडकिडीत होता. आता माझा मेहुणा आहे आणि पन्हा भरपूर वाढलाय.

अशा माणसाबरोबर टीव्ही घ्यायला जायची दुर्बुद्धी मला झाली.

खोली केवढी, ते ऐकून दुकानदार म्हणाला, "अंकल, तैंतालीस इंच बहुत है."

नानाजींनी टेप लावली. आडवी, मग उभी. "ये तैंतालीस कहाँ है?"

"टीवी तिरछा नापते हैं, अंकल. कोने से कोने तक."

"तिरछा? मैं तिरछा नाप के कपड़ा बेचता, तो पंडरी में मार खाता!"

मग त्यांनी दुकानातल्या एकूणएक टीव्हीची पन्हा सोडून फक्त उंची मोजली आणि सगळ्यात मोठा पसंत केला. दुकानदारानं कपाळाला हात लावला.

"एवढा टीव्ही घरात राहील, पण तुम्ही कुठं राहाल?" मी विचारलं.

"तुले काय करायचं आहे? पन्हा भरला पाहिजे."

टीव्ही आला आणि दिवाण खिडकीशी गेला. बातम्या लावल्या असत्या, तर देणारा माणूस थेट अंगावर आला असता. सगळा पारा, म्हणजे आमची अख्खी आळी, बघून हसून गेला. नानाजींनी मात्र बातम्या कधी लावल्याच नाहीत.

रविवारी त्यांनी मला हाक मारली. "हा फोन टीव्हीत लावून दे."

मी जोडून दिला. बंगळुरूला लेकीकडे असलेली त्यांची नात, ओवी, पडद्यावर आली. फोनचं चित्र उभं, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळं, पण मधे पोरगी डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. उंचीचा हट्ट कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

"सरळ उभी राहा बेटा. फ्रॉकचं माप घेऊन राहिलो."

"जल्दी करो ना, आजोबा!" म्हणत ती श्वास रोखून उभी राहिली. नानाजींनी काचेवर, तिच्या खांद्याशी, टेप धरली.

मी हळूच म्हटलं, "नानाजी, हे माप खरं नाही. ताईंना तिकडे मोजून पाठवायला सांगा."

"पाठवलं ना तिनं. कपडाही कापून ठेवला." टेप तशीच धरून ते म्हणाले, "मले समजत नाही का? आजोबाशी बोल म्हटलं, का पोट्टी पळून जाते. माप घेतो म्हटलं, का थांबते."

 

तेवढ्यात ओवी चुळबुळली. "हो गया, आजोबा?"

"नाही, नाही," नानाजी घाईघाईनं म्हणाले. "मागं फिर बेटा. पाठ राहिली."