बिनवासाचा गोंद आणि अण्णांच्या मुद्रा

गोंदाच्या बाबतीत अख्ख्या बेंगळुरूत माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी आयुष्य काढलं. डेस्क बंद झाला, मला घरी पाठवलं, आणि मी गळावर माश्या बांधू लागलो. खऱ्या नव्हे! बारीक गळाला पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळायचा, की माशाला तो किडा वाटतो. हौशी मंडळी त्या माश्या घेऊन नदीवर जातात, मासा पकडतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि त्याला परत सोडतात. यात माशाची बाजू कुणी विचारलेली नाही.

सगळी मदार शेवटच्या गाठीवर. तिच्यावर गोंद नीट बसला नाही, तर पहिल्याच हिसक्याला सगळं सुटतं. माझ्या नोकरीसारखं.

लाखेचं व्हार्निश सर्वांत उत्तम. दोऱ्यात मुरतं, वर आरशासारखं चमकतं. पण वास असा, की आमच्या यशवंतपूरच्या फ्लॅटमध्ये रोज नवं कपाट येतं अशी शेजाऱ्यांची समजूत झाली. झटपट गोंद क्षणात धरतो, पण डोळे झोंबतात, मागे पांढरट डाग राहतो आणि माशीबरोबर बोटंही बांधली जातात. राहिलं नेलपॉलिश. ते बायकोचं.

"माझ्या बाटलीत कोंबड्याचं पीस सापडलं तर बघा!" सुप्रीता म्हणाली. सापडलंच होतं.

खरी अडचण अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. भीमाचार्य हे त्यांचं नाव, आणि स्वभाव नावाप्रमाणेच.

"त्रिविक्रमा, आपण मासे खात नाही. खाणाऱ्यानं फसवलं तर समजू शकतो. तू कशाला फसवतोस त्यांना?"

"छंद आहे, अण्णा."

"छंदाचा वास देवाच्या खोलीत येतो! नैवेद्याला व्हार्निशची चव लागते! रविवारी हयवदन येतोय. देवांची पेटी घेतो आणि त्याच्याकडेच जातो मी. साक्, पुरे झालं."

हयवदन माझा थोरला भाऊ. जयनगरला बंगला आहे त्याचा. सणासुदीला पेढे घेऊन येतो, अण्णांच्या पाया पडतो आणि कॉफी संपली की जातो. अण्णांची औषधं, गुडघे आणि संताप आमच्याकडे असतो. कौतुक मात्र जयनगरला.

तरी अण्णा गेलेले मला चालणार नव्हते. सकाळी त्यांचा मंत्र ऐकल्याशिवाय मला पेपर वाचता येत नाही. तेव्हा मी शोध घेतला आणि बिनवासाचा गोंद मिळवला! राळेचाच प्रकार. पाण्यासारखा पातळ, पाण्यासारखा पारदर्शक, आणि ऊन लागलं की बघता बघता तापून काच होणारा. अण्णांच्या नाकासमोरून नेला, तरी त्यांनी नाक मुरडलं नाही. मी जिंकलो होतो!

फक्त त्याला उजेडापासून जपावं लागतं. शनिवारी बाटली तडकली. गोंद मी एका छोट्या वाटीत ओतला. आता घरात खिडकी नसलेली, अंधारी जागा कुठली? देवाची खोली. वाटी तिथे कोपऱ्यात ठेवली आणि निर्धास्त झोपलो.

आमच्या माध्वांच्या घरात अंघोळीनंतर गोपीचंदन लावतात. ही पिवळी माती तळहातावर पाण्यात उगाळायची आणि पितळी ठशांनी शंख, चक्र, गदा अंगावर उमटवायची. याच मुद्रा. रविवारी अण्णा सोवळ्यात होते, चष्मा बाहेर होता, आणि पाण्याची म्हणून हाताला आधी लागली ती माझी वाटी. व्हार्निश असतं तर त्यांनी ते माझ्यासकट रस्त्यावर फेकलं असतं! पण याला वास कुठे होता?

मुद्रा लावून ते सूर्याला अर्घ्य द्यायला बाल्कनीत गेले. एरवी आमच्याकडचा सूर्य ढगातून उशिरा डोकावतो. त्या दिवशी मात्र वेळेवर हजर!

"त्रिविक्रमा! मुद्रा तापल्या रे!"

धावत गेलो. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षातून एकदा मठात स्वामी तापवलेल्या ठशांनी मुद्रा देतात. गुडघ्यांमुळे अण्णांचं ते जाणं सुटलं होतं. आता त्यांच्या दंडावर शंख-चक्र मीनाकाम केल्यासारखं झळकत होतं. छातीवरच्या गदेत जानवं पक्कं बसलं होतं आणि कोपरावर तुळशीचं पान कायमचं मुक्कामाला आलं होतं.

"अण्णा, तो गोंद आहे."

"गोंद? वास कुठंय?"

"बिनवासाचा आहे!"

"गोंदाला वास असतो. तूच शिकवलंस मला."

एवढ्यात हयवदन आला. सुप्रीतानं साबण आणला, खोबरेल आणलं, शेवटी नेलपॉलिश काढायचं औषधही आणलं. शंखाची कडसुद्धा हलली नाही. हयवदननं हात जोडले.

"अण्णा, हे गोपीचंदन मीच उडुपीहून आणलं होतं ना?"

"तूच रे!"

मी पुराव्याचा माणूस. गळ आणला, उरलेल्या गोंदाचा थेंब गाठीवर सोडला, उन्हात धरला. गाठ टणक!

"बघा!"

"तुझी माशी वाळली," अण्णा म्हणाले. "त्यात काय बघायचं? घरात देव आला, तर तुला तो बघवत नाही. हयवदना, पेटी घे."

तेव्हा मी तत्त्व गुंडाळून ठेवलं. "बरं, चमत्कार! पण झाला कुठे? या घरात! मग देव सोडून कुठे चाललात?"

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आत्ता गोंद म्हणत होतास."

"अण्णा, राहा ना."

"घर तुझं, पण गोपीचंदन हयवदनचं."

पेटी उतरली. अण्णा उतरले. जानवं छातीला चिकटलेलं, त्यामुळे जरा वाकून चालत होते. मी हात पुढे केला, पण हयवदननं आधीच धरला होता.

गाडीत बसल्यावर अण्णांनी काच खाली केली. वाटलं, "येतो" म्हणतील.

"समाजाच्या मासिकात याची बातमी तूच लिही. हयवदननं लिहिली तर लोक म्हणतील, थापा मारतो. तू कधी खोटं लिहीत नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

लिहिली. गोंद वगळून, वेळेत दिली. एक शब्दही कापावा लागला नाही, असं संपादकांनी कळवलं.