तीर्थपुरीचे यंत्र मूर्च्छित जाहले आणि जालन्यात शुद्धीवर आणिले, त्याची हकीकत

मौजे तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, येथील छापखान्याचे यंत्र अपडेटाचे स्वारीत कैसे पडले आणि कैसे उठले, याचे खरे वर्तमान गावात एकही इसम नीट सांगत नाही. हॉटेलावर एक सांगतात, सलूनात दुसरे सांगतात, आणि जे तेथे हजर नव्हते ते सर्वांत मोठ्याने सांगतात. सबब आम्ही, ज्यांसी कोणी काही विचारिले नाही, तेच हे लिहोन ठेवितो. वाचणाराने मध्ये बोलू नये.

तर छापखान्याचे खासे धनी जनाब सिराजोद्दीन मिया. या मुलखात सोयरीक जमते ती घरी, परंतु पक्की होते ती मियांचे छापखान्यात, कारण पत्रिकेवर कोणाचे नाव कोणाचे वर, याचा निवाडा तेथेच होतो. मियांचे यंत्र बहुत जुने आणि बहुत इमानी. दीड वर्षापासोन ते रोज अर्जी करी की अपडेट करू काय, आणि मिया रोज 'नंतर' यावर बोट ठेवून पानाचा विडा लावीत. शेवटी यंत्राने विचारणेच सोडिले आणि बाजाराचे आदले दिवशी, भर दुपारी, कोणाची परवानगी न घेता मोहीम सुरू केली. पडद्यावर फर्मान उमटले की काम चालू आहे, यंत्र बंद करू नये. आणि खाली टक्के चढू लागले.

ते समयी मियांचे समोर अप्पाराव बसले होते. हे अप्पाराव वीज खात्यातील लाईनमन, तीस वर्षे खांबावर चढोन सेवानिवृत्त जाहलेले, आणि त्यांची कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अक्षता हिची पत्रिका त्याच यंत्रात तयार होती. त्रेसष्ट नावे. दोन्ही घरच्या मंडळींनी चार बैठका मारोन, अकरा प्रूफे खोडोन, दोन काकांचे रुसवे काढोन लाविलेला क्रम. परंतु या त्रेसष्टांत खरे नाव एकच, ते मामाचे. अप्पारावांचे कुटुंब बेबीनंदाबाई, त्यांचे धाकटे बंधू राजानंद, बाजारोबाजारी स्टीलची भांडी विकणारे. नऊ वर्षांमागे राजानंदांनी कुंभार पिंपळगावी घर बांधिले आणि वास्तूचे दिवशी तारेवर आकडा टाकोन रोषणाई केली. पंगत बसली, आणि त्याच वेळी अप्पाराव शिडी लावोन वर चढले, मेहुण्याचा आकडा काढिला आणि दोनशे माणूस अंधारात भात चाचपडू लागले. कायद्याने अप्पाराव बराबर होते. आमचे मत विचाराल तर भात होईतो थांबायास काही हरकत नव्हती. त्या रात्रीपासोन बहीणभावाचे बोलणे बंद.

आता भाचीचे लग्नास मामाने यावे म्हणोन बेबीनंदाबाईंनी निरोप धाडिला, आणि राजानंदांनी उलट कलम धाडिले की, माझे नाव मामा म्हणोन सर्वांचे वर छापावे, आणि ती पत्रिका दाजींनी स्वतः, उद्याचे कुंभार पिंपळगावचे बाजारात, बाजार उठावयाचे आत, चारचौघांसमक्ष माझे हाती द्यावी. न दिली तर लग्नाचे दिवशी मी परगावी. बेबीनंदाबाईंनी ते मान्य केले आणि नवऱ्यास विचारिलेही नाही.

ऐसी सर्व सिद्धता असता अपडेट तेहतीस टक्क्यांवर आले आणि लाईट गेली. यंत्र इन्व्हर्टरवर तगून राहिले. मग सात मिनिटांनी लाईट परत आली. आता आमचे मुलखातील रिवाज सांगणे प्राप्त आहे. लाईट परत येते ती एकाएकी जोराने येते, आणि मोटारी जाळते, टीव्ही जाळते, सबब जाणता मनुष्य ती आली की प्रथम मेन स्विच खाली पाडितो आणि दम घेवोन वर करितो. अप्पारावांनी तीस वर्षे हाच उपदेश घरोघर केला. ते बोलता बोलता उठिले, भिंतीकडे गेले आणि चहाचा कप डावे हाती तैसाच ठेवोन उजव्या हाताने मेन खाली पाडिला. मियांचे इन्व्हर्टरची तारही त्याच मेनमधोन यंत्राकडे जात होती, सबब मेन पडताच तीही तुटली. यंत्राने एक सुस्कारा टाकिला आणि पडदा काळा जाहला.

मग स्विच वर केला, आणि यंत्र दहा वेळा उठिले आणि दहा वेळा पडिले. "अप्पाभाऊ," मिया बोलिले, "ते लिहून राह्यलं होतं ना, बंद करू नका म्हणून?" अप्पारावांनी कप हळूच खाली ठेविला.

बेबीनंदाबाईंस वर्तमान कळिले तेव्हा त्यांनी नवऱ्यास काय काय म्हटिले ते आम्ही लिहीत नाही, कागद महाग आहे. मसलत निघाली की दुसरीकडोन मामाचे नावाची एकच पत्रिका छापोन आणावी, काम भागेल. बाईंनी ती तेथेच मोडिली. "भावाला खोटी पत्रिका देऊन बोलवायचं न्हाई मला," त्या बोलिल्या. "सगळ्यायला जी, तीच त्याला." जुनी प्रूफे होती, परंतु अकरा प्रूफांत अकरा क्रम, आणि शेवटचा क्रम एका यंत्रासच ठाऊक.

मग दुसरे दिवशी पहाटे फौज निघाली. फौज म्हणजे मियांची मोटारसायकल. पुढे मिया, मागे अप्पाराव, आणि अप्पारावांचे मांडीवर यंत्राची पेटी, लेकीचे दुलईत गुंडाळिलेली. अंबडचे फाट्यावर एका बाईने विचारिले की बाळास ताप आहे काय, आणि अप्पाराव "हो" म्हणोन मोकळे जाहले. गतिरोधक आला की ते पेटी छातीशी धरीत. मिया पुढोन ओरडत की हळू धरा, आणि अप्पाराव मागोन ओरडत की हळू चालवा, ऐसे करीत जुना जालना गाठिला.

तेथे कापडबाजाराचे मागील गल्लीत इजहार उस्ताद, या विद्येत मोठे नामांकित. त्यांनी पेटी उघडिली, आतील धूळ फुंकिली, रॅम नामे पट्टी काढोन शाळेतील खोडरबराने घासिली, पुन्हा बसविली, आणि यंत्र पुन्हा पडिले. मग उस्तादांनी हुकूम दिला की सर्व पुसोन नवे भरावे. मिया हवालदिल जाहले. अप्पारावांनी तर उस्तादांचा हात धरिला आणि त्रेसष्ट नावांची, मामाची, बाजाराची सर्व कैफियत उभ्याउभ्या सांगितली. उस्तादांचे स्वतःचे बहिणीचे लग्नात कोणी फुफा, म्हणजे आतोबा, रुसले होते, सबब त्यांसी पुढील काही समजावून सांगावे लागले नाही. ते बोलिले, "एक रस्ता है. पीछे की तारीख पे ले जाते इसको. मगर बीच में बंद हुआ, तो समझो सब गया."

यंत्र माघारी निघाले. टक्के पुन्हा चढू लागले. दहा, वीस, चाळीस. अप्पाराव स्टुलावर, मिया उभे, आणि कोणी शिंकेनासे जाहले. आणि एकाहत्तर टक्क्यांवर जुन्या जालन्याची लाईट गेली.

उस्तादांचे इन्व्हर्टर चालू होते. भिंतीवर मेन स्विच होता, अप्पारावांपासोन हातभर अंतरावर. अप्पारावांनी तो पाहिला, आणि त्यांसी स्वतःचाच भरवसा वाटेना. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घालोन वर आपले सर्व वजन दिले आणि मियांस सांगितिले, "मिया, मला धरा. बिलकुल सोडू नका." मियांनी मागोन कव घातली. पावणेआठ मिनिटांनी लाईट आली, पंखा फिरला, आणि अप्पारावांचा उजवा खांदा आपोआप उचलिला गेला. मियांनी तो दाबोन धरिला. तीस वर्षांची सवय एकीकडे आणि मियांचे सत्तर किलो एकीकडे, ऐसी झुंज जाहली आणि स्टूल कुरकुरले, परंतु मिया हटिले नाहीत. गिऱ्हाईके दारातोन पाहोन परत गेली. शंभर टक्के जाहले तेव्हा अप्पारावांची बोटे बधिर होवोन पांढरी पडली होती, आणि पडद्यावर पत्रिका होती, त्रेसष्ट नावे, वर मामा.

उस्तादांचे शेजारील छापखान्यात एक प्रत छापिली आणि फौज तैसीच कुंभार पिंपळगावी दौडत गेली. बाजार उठत आला होता. राजानंद स्टीलची भांडी पोत्यात भरीत होते. अप्पारावांनी चारचौघांसमक्ष दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली. राजानंदांनी ती वरपासोन खालपर्यंत वाचिली, आणि इतका उशीर का, म्हणोन जाब विचारिला. येथे दुसरा कोणी असता तर गाडी पंक्चर जाहली म्हणाला असता. अप्पारावांस खोटे सुचत नाही, हेच तर त्यांचे जन्माचे दुखणे. "यंत्राचं अपडेट चालू होतं," ते बोलिले, "आन मी मेन पाडला. सवयीनं. समदी पत्रिका गेल्ती."

राजानंदांचे हातातील तांब्या हातातच राहिला. "पोरीच्या पत्रिकेची बी लाईट काढली तुम्ही?"

"काढली."

राजानंदांनी तांब्या खाली ठेविला आणि बोलिले, "मला नऊ वर्षं वाटू राह्यलं दाजी, की ते माझ्यावरच्या रागानं होतं."

आणि ते मटकन पोत्यावर बसिले आणि हसू लागले, आणि आपापली दुकाने सोडोन सारा बाजार त्यांकडे पाहू लागला. मग त्यांनी अप्पारावांचा फोन मागोन घेतिला आणि बहिणीस लाविला. पलीकडोन बेबीनंदाबाईंनी, नवराच आहे ऐसे समजोन, दिली का हो, म्हणोन विचारिले. राजानंद इतकेच बोलिले, "ताई."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. यंत्र उभे राहिले, नावे क्रमवार सुखरूप आली, माणूस कोणी गमाविला नाही, एक परत मिळविला. त्या 'ताई'उपर फोन चार मिनिटे चालू होता आणि दोहीकडोन कोणीही एक अक्षर बोलिले नाही, म्हणोन आम्हांसही लिहावयास काही राहिले नाही.